या गाडीत अर्थ नाही

पिकअप पहिल्यांदा बंद पडली ती नेमकी सेक्रेटरींच्या गाडीसमोर, तीही आडवी. आता बंद पडायला सोसायटीच्या आवारात जागा काय थोड्या होत्या? पाण्याच्या टाकीजवळ पडावं, कुंपणाशी पडावं, कोणी हूं की चूं केलं नसतं. पण सेक्रेटरींना पुढेही जाता येईना आणि मागेही, अशा बेताने ती थांबली. मुद्देसाहेबांनी किल्ली फिरवली की आतून नुसतं "टक्" ऐकू यायचं आणि पुन्हा शांतता. सात वेळा त्यांनी ते "टक्" ऐकलं. आठव्यांदा फिरवली असती तर तो हट्ट दिसला असता. म्हणून ते खाली उतरले आणि इथेच थांबायचं ठरलं होतं अशा चेहऱ्याने त्यांनी दार लावलं.

"नवी गाडी?" सेक्रेटरींनी काच खाली करून विचारलं.

"जुनीच आहे."

"ते दिसतंच आहे," असं म्हणून सेक्रेटरींनी काच वर केली.

मुद्देसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत हेडक्लार्की केल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीचे मुद्दे पाडायची सवय लागली होती. घरात दूध नासलं तरी "मुद्दा क्रमांक एक, दूध कधी तापवलं" इथून सुरुवात व्हायची. शंका काढल्याशिवाय एकही कागद त्यांच्या टेबलावरून पुढे सरकला नाही, असं त्यांचे साहेब निरोप समारंभात म्हणाले होते. ते कौतुक होतं असं मुद्देसाहेब आजही धरून चालतात.

आता असा माणूस निवृत्त झाल्यावर पिकअप का घेतो? तर बायकोसाठी. बायकोने गच्चीत आणि गॅलरीत मिळून एकशे बारा कुंड्या वाढवल्या होत्या. दरवर्षी शहरात रोपांचं प्रदर्शन भरायचं आणि दरवर्षी ती मांडीवर दोन कुंड्या घेऊन बसने जायची, लोकांचे स्टॉल बघून परत यायची. स्वतःचा स्टॉल मिळावा म्हणून चार वर्षं तिचं नाव यादीत होतं. "निवृत्त झालो की तुझी सगळी झाडं मी स्वतः नेईन," असं मुद्देसाहेब तिला चारही वर्षं सांगत आले. यंदा ते निवृत्त झाले आणि यंदाच स्टॉलचं पत्र आलं. रविवारी सकाळी नऊला फाटक बंद होणार, त्यानंतर आलेली रोपं आत घेतली जाणार नाहीत आणि गैरहजर राहणाऱ्याचं नाव यादीच्या शेवटी जाणार, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मुद्देसाहेबांना पत्राची भाषा फार आवडली.

"एक दिवसासाठी भाड्याने टेम्पो सांगू," बायको म्हणाली होती. "त्यासाठी गाडी विकत घेण्यात काही अर्थ नाही."

झालं. बायकोने अर्थ नाही म्हटल्यावर मुद्देसाहेब तिसऱ्या दिवशी पिकअप घेऊन दारात हजर. वर आठवडाभर खपून त्यांनी तिला स्वतःच्या हाताने आकाशी रंग दिला. बाहेरून तर दिलाच, पण बॉनेटच्या आतूनही दिला, एकेक नट सोडवून, खालचा गंज घासून, दोन हात मारून, वाळल्यावर नट पुन्हा जागच्या जागी बसवून. कोणाला दिसणार नाही तिथेही काम नीटनेटकं असावं, हे त्यांचं कचेरीतलं तत्त्व होतं. रंग वाळला आणि चौथ्या दिवशी गाडी सेक्रेटरींना आडवी गेली.

त्या दिवशी आवारातल्या पाच जणांनी ती ढकलली. तळमजल्यावरचे प्रोफेसर ढकलत नव्हते, ते मार्गदर्शन करत होते. ढकलताढकलता चाक फाटकाच्या पट्टीवर दणकन आदळलं, मुद्देसाहेबांनी सहज म्हणून किल्ली फिरवली आणि गाडी काहीच झालं नसल्यासारखी सुरू झाली. ती बंद करायचा धीर न झाल्याने ते तसेच बाजारामागच्या गल्लीत, गाड्यांची वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीकडे गेले.

हा मिस्त्री फार कमी बोलायचा. बोलणार तरी कसा, त्याच्या ओठांत कायम काळ्या चिकटपट्टीचे दोनतीन तुकडे धरलेले असत. मुद्देसाहेबांनी त्याला एकूण नऊ मुद्द्यांत गाडीची हकिगत सांगायला घेतली. पाचव्या मुद्द्याला त्याने बॉनेट उघडलं. एका वायरीला बांधलेला छोटा दिवा घेऊन तो इथे टेकव, तिथे टेकव असं करू लागला. दिवा एकदा लागला, एकदा लागला नाही. मिस्त्रीने वाकून आत पाहिलं, बोटाने कसलासा नट खरवडला आणि मान हलवली.

"अर्थ नाही, साहेब," तो ओठांच्या फटीतून म्हणाला आणि पाठ फिरवून दुकानात निघून गेला.

मुद्देसाहेब बघतच राहिले. अजून चार मुद्दे बाकी होते. एकतीस वर्षांत त्यांनी कित्येक लोकांना परत पाठवलं, पण पाठ फिरवून कधी पाठवलं नाही, समोर बघून पाठवलं. गाडी बघितली न बघितली आणि म्हणे अर्थ नाही. अरे, घेण्यात अर्थ नाही की ठेवण्यात अर्थ नाही, की तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही, काही खुलासा? त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्यांनी बॉनेट दाणकन आपटलं, आत बसून किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तिलाही ते बोलणं लागलं असावं, असं मुद्देसाहेबांना वाटलं. गल्लीच्या टोकाला त्यांनी आरशात पाहिलं तर मिस्त्री दुकानाबाहेर येऊन हातात कसलासा कागद घेऊन उभा होता. बिल असेल, असं म्हणून त्यांनी वेग वाढवला.

"काय म्हणाला मिस्त्री?" बायकोने घरी विचारलं.

"म्हणाला, अर्थ नाही."

"मग मी तरी वेगळं काय सांगत होते?"

इथे गोष्ट संपली असती. एखाद्या साध्या माणसाने दुसरा मिस्त्री गाठला असता, नाहीतर टेम्पो सांगितला असता. पण घरात बायको आणि बाजारात मिस्त्री, दोघांनी एकाच वाक्यात आपल्याला निकालात काढावं हे मुद्देसाहेबांच्या फार म्हणजे फार जिव्हारी लागलं. या गाडीत अर्थ आहे हे दाखवल्याशिवाय राहणार नाही, असं त्यांनी ठरवलं. प्रदर्शनाला अठरा दिवस होते.

त्यांनी सगळ्यात आधी एक वही केली. तिच्यावर "बिघाड नोंदवही" असं लिहून आत रकाने आखले: तारीख, वेळ, हवामान, गाडीचं वर्तन, शेरा. मग ते रोज सकाळ-संध्याकाळ किल्ली फिरवून नोंदी करू लागले. सकाळी सुरू झाली. संध्याकाळी नाही. सकाळी नाही, दार जोरात लावल्यावर सुरू. बायको शेजारी बसली असताना नाही. बायको उतरल्यावर सुरू. हा शेवटचा प्रकार तीनदा झाला तेव्हा त्यांनी ती नोंद खोडली, कारण वही घरातच राहत होती.

प्रोफेसरांचं म्हणणं पडलं की बॅटरी दगा देते आहे. ते शिकवायचे इतिहास, पण शेजारच्याच खोलीत पदार्थविज्ञानाचा वर्ग भरत असल्यामुळे पुष्कळसं त्यांच्या कानावर पडलं होतं. "करंट झिरपतो," ते म्हणाले. "गाडी उभी असते आणि करंट आपला झिरपत असतो."

"कुठे झिरपतो?"

"ते शोधायचं असतं."

मुद्देसाहेबांनी नवी बॅटरी बसवली. जुनी काढताना, नवी जोडताना बऱ्याच वायरी हलल्या आणि गाडी चार दिवस इतकी गुणी वागली की मुद्देसाहेब जिन्यात शीळ घालू लागले. पाचव्या दिवशी टक्. त्यांनी ताबडतोब हमीपत्र काढलं, दरवाजा तीनदा आपटला, सुरू झालेली गाडी घेऊन बॅटरी कंपनीच्या तक्रार खिडकीपाशी गेले. खिडकीआड एक बाई बसल्या होत्या. त्यांनी चार पानी फॉर्म भरून घेतला आणि मग त्या बाहेर येऊन गाडीशेजारी उभ्या राहिल्या.

"दाखवा दोष."

मुद्देसाहेबांनी गाडी बंद केली आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. पुन्हा बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा गोड आवाजात.

"चालू आहे ना?" बाई म्हणाल्या.

"आत्ता आहे."

"मग दोष कुठे आहे?"

"घरी आहे."

"घरचा दोष आम्ही घेत नाही," असं म्हणून बाईंनी फॉर्मवर शिक्का मारला. दोष आढळला नाही. शिक्का सरळ होता, शाई बेताची होती, सही शिक्क्याच्या बाहेर गेली नव्हती. मुद्देसाहेबांना एक क्षण बाईंविषयी आदर वाटला. असे हजारो शिक्के त्यांनी स्वतः मारले होते, पण खिडकीच्या या बाजूने तो कसा दिसतो हे आजवर पाहायची वेळ आली नव्हती. घरी जाताना वाटेत त्यांनी डावा सिग्नल दिला तर हॉर्न वाजू लागला.

हे नवंच होतं. पुढच्या आठवड्यात तर गाडीने ताळतंत्रच सोडलं. ब्रेक दाबला की वायपर फिरत, दिवे लावले की पंखा थांबे, आणि डावीकडे वळताना तर गाडी एवढा गोंगाट करी की रस्त्यातले लोक आधीच बाजूला होत. प्रोफेसर म्हणाले, आता झिरपलेला करंट परत येतो आहे. मुद्देसाहेबांनी डायनमो तपासून घेतला, स्टार्टर उतरवून पुन्हा चढवला, झाडून सगळे फ्यूज बदलले. सगळं उत्तम होतं. एकेक भाग वेगळा काढला की दोष नाही आणि जोडला की गाडी नाही, असा तो प्रकार होता, आणि कचेरीतल्या माणसाला तो समजायला खरं तर अवघड जाऊ नये.

त्यातच सेक्रेटरींची नोटीस आली. आवारात "बंद वाहन" पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवता येणार नाही. मुद्देसाहेब खरं सांगायचं तर सुखावले. कित्येक महिन्यांत त्यांना कोणी लेखी काही विचारलं नव्हतं. त्यांनी अकरा मुद्द्यांचं उत्तर पाठवलं, की जे वाहन सकाळी बंद आणि संध्याकाळी चालू असतं त्याला बंद म्हणावं की चालू, याची व्याख्या नियमांत कुठे आहे? कमिटीच्या दोन बैठका झाल्या. शेवटी "अधूनमधून बंद वाहन" असा नवा वर्ग तयार करून त्या वर्गातल्या वाहनांसाठी कचऱ्याच्या डब्यांशेजारची जागा मुक्रर करण्यात आली. त्या वर्गात एकच वाहन होतं.

बायको हे सगळं बघत होती. ती सकाळी उठून कुंड्यांना पाणी घाली, पिकली पानं खुडी, प्रत्येक कुंडीला नावाची चिठ्ठी लावी. शनिवारी चिठ्ठ्या संपल्या.

"अहो," ती हात पुसत म्हणाली, "टेम्पोवाल्याला सांगून ठेवू का? नुसतं सांगून ठेवते. लागला तर लागला."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"तुमच्यावर आहे हो. गाडीवर नाही."

"मी म्हटलं ना, मी नेईन म्हणून."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. चार वर्षं हे वाक्य तिने ऐकलं होतं. "बरं," ती म्हणाली आणि तिने हातात घेतलेला फोन खाली ठेवला. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी साडेसहाला कुंड्या चढवायला सुरुवात झाली. एकशे बारा कुंड्या चार मजले उतरवून गाडीत लावणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पावणेआठला मुद्देसाहेब चक्राशी बसले. त्यांनी दार आपटलं. बायकोनेही, काही न सांगता, तिच्या बाजूचं आपटलं. किल्ली फिरली आणि गाडी सुरू झाली.

डावीकडे वळायचंच नाही असा मार्ग त्यांनी आदल्या दिवशी आखून ठेवला होता. तो लांबचा होता पण बिनहॉर्नचा होता. बाजार मागे टाकून पुढच्या चौकात सिग्नल लाल झाला, त्यांनी ब्रेक दाबला, वायपर एकदा डावीकडून उजवीकडे गेले आणि मधोमध थांबले. गाडीही थांबली. टक्. टक्. त्यांनी दार आपटलं, तिनेही आपटलं. टक्. मागच्या गाड्या कोकलू लागल्या. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

मुद्देसाहेब खाली उतरले तेव्हा समोरच बाजारामागच्या त्या गल्लीच्या तोंडाशी, दुकानाच्या पायरीवर, मिस्त्री चहा पीत बसलेला त्यांना दिसला. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. मग त्यांनी गाडीत पाहिलं. बायको मांडीवर दोन कुंड्या घेऊन बसली होती, मागे जागा पुरली नव्हती म्हणून. बसमध्ये बसायची तशीच. ती घड्याळाकडे बघत नव्हती, त्यांच्याकडेही बघत नव्हती. मुद्देसाहेब सरळ रस्ता ओलांडून पायरीपाशी गेले.

मिस्त्रीने चहा ठेवला, चिकटपट्टीचे तुकडे ओठांत धरले, दिवा घेतला आणि येऊन बॉनेट उघडलं. दिवा टेकवला. आत बघितलं.

"अर्थ नाही, साहेब."

"माहीत आहे मला," मुद्देसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क फुटला. मुद्दे पाडायचं भान त्यांना उरलं नाही. "माहीत आहे हो, अर्थ नाही. घेतली तेव्हापासून सगळे तेच सांगतायत. चूक माझी आहे. पण हिची चार वर्षं गेलीत या यादीत, आता मीच ती वाया घालवतोय, आणि नऊला फाटक बंद होणार. मग गाडी भंगारात घाला, मला काही म्हणायचं नाही. आत्ता फक्त हिला तिथे पोचवा."

मिस्त्रीने एकेक करून चिकटपट्टीचे तुकडे ओठांतून काढले आणि बोटांना लावले. गल्लीतल्या लोकांनी त्याला एवढं लांब बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"साहेब, अर्थ म्हणजे अर्थिंग. बॅटरीची ही वायर चासीला, गाडीच्या सांगाड्याला, अर्थ होते ना, इथे, या नटाखाली. तिथे अर्थ मिळत नाहीये. गाडी चांगली आहे. त्या दिवशी मी पॉलिश पेपर आणायला आत गेलो, येऊन बघतो तर तुम्ही पळालात."

चौकात मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्या सगळ्या गोंगाटात मुद्देसाहेबांना गाडीतून एक आवाज ऐकू आला. बायको हसत होती. मांडीवरच्या दोन कुंड्या सांभाळत, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती. "अहो, आणि मी पण," ती म्हणाली, "मी पण म्हटलं, बघा, मिस्त्रीसुद्धा माझ्यासारखंच म्हणतोय."

मिस्त्रीने नट सोडवला. त्याच्या खाली, जिथे उघडं लोखंड असायला हवं होतं तिथे, आकाशी रंगाचे दोन गुळगुळीत हात बसले होते. त्याने नखाने तो खरवडला.

"रंगातून करंट कसा जाणार? नटाचे आटे टेकले तर टेकले, नाहीतर नाही. हा रंग इथे कुठल्या शहाण्याने मारला?"

मुद्देसाहेबांनी घसा खाकरला.

"कंपनीचाच असेल," बायको गाडीतून म्हणाली. मिस्त्रीने गाडीच्या आकाशी दाराकडे पाहिलं, मुद्देसाहेबांच्या बुटावरच्या आकाशी थेंबाकडे पाहिलं, आणि चिकटपट्टी परत ओठांत धरली.

पॉलिश पेपरने चार हात घासायला लागले. नट आवळला. मुद्देसाहेब आत बसले. सवयीने त्यांचा हात दार आपटायला गेला, पण मिस्त्रीने मान हलवली, म्हणून त्यांनी ते अलगद लावलं. किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. प्रदर्शनाच्या फाटकाशी डावीकडे वळावं लागतं, तिथे त्यांनी जीव मुठीत धरून सिग्नल दिला. नुसता दिवा लुकलुकला. नऊला आठ मिनिटं कमी होती.

दिवसभर मुद्देसाहेब स्टॉलच्या मागे स्टुलावर बसून होते. लोक येऊन बायकोला विचारत होते, हे कसं वाढवलं, याला ऊन किती, आणि ती सांगत होती, उभ्या उभ्या, संध्याकाळपर्यंत. एवढं बोलताना त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. बोलायला तिच्याकडे एवढं असेल, हे संसाराच्या इतक्या वर्षांत त्यांना कधी सुचलंच नव्हतं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

सोमवारी सकाळी त्यांनी शेवटची नोंद करायला बिघाड नोंदवही उघडली. रविवारची ओळ भरलेली होती. तारीख, वेळ, हवामान, सगळं बायकोच्या अक्षरात. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: "अर्थ होता. वर रंग मारलेला होता."

मुद्देसाहेबांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. मग लाल पेन काढलं, काही शंका न काढता खाली "मान्य" लिहिलं, आणि सही केली.